कॉलर धरून सलामी

पाटीवाल्याच्या घराण्यात वडिलोपार्जित म्हणावं असं एकच वाक्य होतं. कुणाला जमीन मिळते, कुणाला घर मिळतं, कुणाला निदान बापाचं टक्कल तरी मिळतं. दुकानांच्या पाट्या घडवणाऱ्या ह्या पाटीवाल्याला वाक्य मिळालं. टक्कलही मिळालं होतं, पण ते आईच्या बाजूचं.

"ओरमा दुशी वेलूम!"

हे नुसतं म्हणून चालत नसे. डाव्या मुठीत शर्टाची कॉलर गळ्याशी घट्ट धरायची, खांदे कानांना टेकवायचे, मान आत ओढायची आणि दातांवर दात दाबून म्हणायचं. "कासवाला ठसका लागल्यासारखं दिसतं," असं पाटीवाल्याची बायको म्हणायची. पण ती पडली इथली, सात पिढ्या इथलीच. तिला मुळं म्हणजे काय ते कुठून कळणार?

"मला मुळा कळतो," ती म्हणायची. "किसायचा असेल तर सांगा."

वाक्य आजोबांचं. आजोबा तिकडचे. तिकडून बोटीत बसून इथे आले, कोपऱ्यावर शिंप्याचं दुकान थाटलं, इथल्याच बाईशी लग्न केलं आणि चार पोरांचे बाप झाले. तिकडून ह्या गावात आलेला माणूस हा एवढाच, एकुलता एक. त्यांच्या तोंडात सकाळपासून संध्याकाळपर्यंत टाचण्या. असा माणूस पोरांना भाषा शिकवणार कधी? तेव्हा ती राहूनच गेली. दुकानात गिऱ्हाईक शिरलं की मात्र आजोबा कॉलर धरून टाचण्यांच्या फटीतून म्हणायचे, "ओरमा दुशी वेलूम!" गिऱ्हाईकही हसून म्हणायचं, "ओरमा दुशी वेलूम, मास्तर!" आजीनं एकदा विचारलं, "अहो, ह्याचा अर्थ तरी काय?" आजोबा म्हणाले, "अंहं हंहं." आजीनं त्याचा अर्थ 'या, बसा' असा लावला.

पुढे तो अर्थ पोराबाळांसारखा वाढत गेला. आत्यानं, म्हणजे आजोबांच्या थोरल्या लेकीनं, मंडळ काढलं तेव्हा तो 'आपलं घर आपल्या हृदयात' झाला. आत्याच्या पुतणजावयानं सेक्रेटरीपद घेतलं तेव्हा 'ज्याची मुळं खोल, त्याचा माथा उंच' झाला. हा जावई प्राध्यापक. त्याच्या अंगात तिकडच्या रक्ताचा थेंब नव्हता, त्यामुळे अभिमान सगळ्यात जास्त त्यालाच.

मंडळाचं नाव 'मूळ मंडळ'. सभासद साठ-पासष्ट, सगळी एकाच शिंप्याची पिलावळ. चौकातली टवाळ पोरं अधूनमधून पाटीवर 'मूळ'च्या पुढे खडूनं 'व्याध' लिहून जायची. पाटीवाल्याला त्याचा फार राग यायचा, कारण 'व्याध'ची उंची 'मूळ'शी जुळत नसे. मंडळाला झेंडाही होता. निळ्यावर दोन पांढरे पट्टे. आजोबांच्या ट्रंकेत सापडलेल्या कापडावरून घेतलेला. ते कापड बोटीवरचा टॉवेल असावं, अशी शंका पाटीवाल्याच्या बायकोनं एकदाच काढली होती, आणि त्या वर्षी तिला मेळाव्यात चमचे पुसायला बसवलं होतं. मंडळातलं कुणीही कधी तिकडे गेलेलं नव्हतं. दरवर्षी सहल ठरायची, तिकिटांचे भाव विचारून व्हायचे आणि मग सगळे मिळून समुद्रावर जाऊन यायचे. "समुद्र तोच आहे," सेक्रेटरी म्हणायचा. "फक्त टोक वेगळं."

मेळाव्यात आत्या आजोबांच्या शेवटच्या क्षणाची गोष्ट सांगायची. ती झाल्याशिवाय जेवण वाढत नसत. गोष्ट अशी: थंडीचे दिवस, आजोबा दुकानामागच्या खोलीत खाटेवर, भोवती सगळं घर, शेजारपाजार, दुकानाची गिऱ्हाइकं. आजोबांनी थरथरत्या हातानं कॉलर धरली. म्हणाले, "ओरमा दुशी वेलूम." सगळ्यांनी कॉलरी धरून उत्तर दिलं. आजोबांनी जरा जोरात म्हटलं. सगळ्यांनी त्याहून जोरात. तिसऱ्या वेळी आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी हात उचलून लांब बोट दाखवलं. "तिकडे!" आत्या म्हणायची. "समुद्रापलीकडे! आम्ही पुन्हा एका सुरात म्हटलं, आणि बाबा निवांत झाले. पोरांनी आपले शब्द झेलले, ह्या समाधानात गेले हो!"

इथे बायका डोळे पुसायच्या आणि पाटीवाल्याचे वडील, म्हणजे नाना, चहाचं बघायला म्हणून उठून जायचे. चारांतलं धाकटं अपत्य नाना. आता आत्या आणि नाना दोघंच उरली होती. नानांना ऐकू कमी यायचं, म्हणून ते बोलणाऱ्याच्या तोंडाऐवजी हातांकडे बघायचे. पाटीवाल्याचा बापावर जीव होता. बाप हळवा आहे, हेही त्याला ठाऊक होतं. गोष्टीला उठून जातो तो रडू लपवायला, अशी त्याची खात्री होती.

आणि ह्या वर्षी पाटीवाल्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम आलं. मंडळाचा हॉल, म्हणजे आजोबांच्या दुकानाचीच जागा वाढवून बांधलेला, त्याच्या दारावर पितळी अक्षरांत ते वाक्य बसवायचं. एकेक अक्षर वीतभर उंचीचं. भिंतीला कागदाचा साचा चिकटवून, लेव्हल लावून, एकेका अक्षराच्या पाठच्या खिळ्यांसाठी भोकं पाडून. आजवर त्यानं 'कुत्र्यापासून सावध राहा' पासून 'येथे थुंकू नये' पर्यंत सगळं घडवलं होतं, पण आपलं असं हे पहिलंच. पडदा नानांच्या हातून सरकायचा होता. आत्यानंच तसं ठरवलं होतं, आणि आत्या नानांना मान देते ही घटना धूमकेतूसारखी होती.

अक्षरं पॉलिशला घेतली त्या सकाळी दुकानात डॉक्टरीणबाई आल्या.

दातांच्या डॉक्टर, गावात नव्यानं आलेल्या, दवाखान्याची पाटी करायची होती. बोलता बोलता त्यांनी आपल्या देशाचं नाव घेतलं आणि पाटीवाल्याच्या हातातलं फडकं गळून पडलं. तिकडचं माणूस! जिवंत! त्यानं ताबडतोब कॉलर धरली, खांदे चढवले आणि ठोकून दिलं, "ओरमा दुशी वेलूम!"

डॉक्टरीणबाई दचकल्या. "अगंबाई, सॉरी," म्हणाल्या, मागे गेल्या आणि दुकानाचं दार हलकेच लावून आल्या.

पाटीवाल्याच्या अंगावर काटा आला. काय ती अदब! सलामी ऐकताच आल्या पावली मागं जायचं, दाराला हात लावायचा, मग आत यायचं. तीन पिढ्यांत ही रीत हरवली होती आणि आज आपल्या दुकानात चालत आली! खात्री करायला त्यानं पुन्हा एकदा म्हटलं. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा जाऊन दार ओढून बघितलं, कडीही घातली.

"तुमच्याकडे वारा फार आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे थोडा," पाटीवाला भारावून म्हणाला.

त्यांना इथली भाषा बरी यायची. अर्धी पुस्तकातून आणि अर्धी पेशंटकडून शिकलेली. पेशंटचं तोंड उघडं असल्यामुळे स्वर त्यांचे पक्के होते, व्यंजनं थोडी कच्ची.

संध्याकाळी मंडळाची तातडीची बैठक भरली. पाटीवाल्यानं प्रात्यक्षिक करून दाखवलं. सेक्रेटरी खुर्चीतून उठलाच.

"द्वारनमन!" तो म्हणाला.

"काय रे?" आत्यानं विचारलं.

"ह्याला द्वारनमन म्हणतात."

"कोण म्हणतात?"

"आजपासून आपण."

दुसऱ्या दिवसापासून मूळ मंडळाची माणसं कुठेही शिरली की परत फिरून दार लावायला लागली. बँकेत, भाजीच्या दुकानात, बसमध्ये. बसमध्ये तर कंडक्टरनं एका मावशीला विचारलं, "बाई, दार मी लावतो, तुम्हाला नोकरी पाहिजे का?" आत्या स्वतः दातांच्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरीणबाईंना मेळाव्याची प्रमुख पाहुणी व्हा म्हणून सांगून आली, आणि जाता जाता कवळीही तपासून घेऊन आली.

डॉक्टरीणबाई आपली पाटी बघायला पुन्हा आल्या तेव्हा पाटीवाल्यानं कोरलेली दाढ त्यांना दाखवली.

"ही दाढ आहे की कोबी?"

"दाढ आहे. हसरी आहे म्हणून तशी दिसते."

तेवढ्यात मंडळाचे तीन सभासद अक्षरं बघायला आले. एकेकानं कॉलर धरली, सलामी दिली, मागं फिरून दार उघडलं, लावलं, पुन्हा पुढे आला. तिघांचं होईपर्यंत डॉक्टरीणबाई टेबलाला टेकून बघत होत्या. ते गेले तसं त्यांनी विचारलं, "एक विचारू? इथे सगळ्यांना दाराची एवढी काळजी का आहे?"

"तुमचीच तर रीत," पाटीवाला म्हणाला. "ओरमा दुशी वेलूम."

"हो, पण दार लावलेलं असताना कशाला म्हणतात? लावलेलं दार परत कसं लावणार?"

"म्हणजे?"

"म्हणजे, 'ओरमा दुशी', दार लाव. 'वेलूम', वारा येतोय."

पाटीवाला हसला. मग थांबला. मग पुन्हा हसून बघितलं, पण जमलं नाही. टेबलावर पितळी अक्षरं आरशासारखी लखलखत होती. वीतभर उंच. दार लाव, वारा येतोय.

"आणि ही कॉलर?" त्यानं क्षीण आवाजात विचारलं.

"थंडी वाजते ना वाऱ्यानं. आमच्याकडे सगळेच अशी धरतात." त्यांनी खांदे उडवले. "कागद उडत असतील कुणाचे, तर ओरडतात."

कागद. शिंप्याच्या टेबलावर मापाचे पातळ कागद पसरलेले असतात. दार उघडलं की भर्रकन उडतात. आजोबा जन्मभर गिऱ्हाइकांना ओरडत राहिले आणि गिऱ्हाइकं जन्मभर त्यांना नमस्कार करत राहिली. हे कळल्यावर पाटीवाल्याला खरं तर मोठ्यानं हसायचं होतं, पण हसू गळ्यापर्यंत आलं आणि त्याला ती थंडीतली खाट आठवली. पहिल्यांदा म्हटलं. जोरात म्हटलं. डोळ्यांत पाणी आणून बोट दाखवलं. समुद्रापलीकडे कसलं? दाराकडे! आणि भोवती उभी असलेली सगळी माणसं कॉलरी धरून त्यांनाच सांगत होती, दार लाव, वारा येतोय.

त्या माणसांत नाना होते. लहानगे, बापाच्या खाटेशी.

घरी येऊन त्यानं बायकोला सगळं सांगितलं. बायको पीठ मळत होती. आधी ती इतकी हसली की पिठाचा हात डोळ्यांना लागला. मग तीही थांबली.

"म्हणजे तुमच्या आजोबांना सगळ्यांनी मिळून…"

"गप्प बस."

"मी कुठे काय म्हटलं?"

"नानांना कळता कामा नये. ते कोसळतील. बाप थंडीनं कुडकुडत दार लावा म्हणत होता आणि आम्ही गात होतो, हे ह्या वयात ऐकायचं?"

"मग नका सांगू."

"पण त्या बाई प्रमुख पाहुण्या आहेत!"

"मग सांगा."

"अगं, धड एक काहीतरी बोल!"

"धड बोलू? आधी जेवा. उपाशीपोटी तुमची मुळं फार वळवळतात."

दोनदा त्यानं नानांना सांगायचा प्रयत्न केला. एकदा नाना नखं कापत होते. "नाना, तिकडच्या भाषेत एखाद्या शब्दाचा अर्थ समजा वेगळा निघाला…" नाना म्हणाले, "वेगळा काढून ठेव, मी नंतर खातो." दुसऱ्यांदा त्यांनी पडदा सरकवायची रंगीत तालीम चालवली होती, खिडकीच्या पडद्यावर, एवढ्या आनंदात, की पाटीवाल्याचं धाडसच झालं नाही.

तो डॉक्टरीणबाईंकडे गेला. येऊ नका म्हणाला. त्या म्हणाल्या, आत्याबाईंनी स्वतः बोलावलंय, येणारच. मग निदान अर्थ सांगू नका म्हणाला.

"मी आपण होऊन सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "पण कुणी विचारलं तर सांगेन. किडलेल्या दाताला मी 'छान आहे' म्हणत नाही."

तेव्हा कुणी विचारायचंच नाही, अशी तजवीज करणं आलं. अर्थ सगळ्यांना आधीच ठाऊक होता, ही एक जमेची बाजू होती. सत्कारानंतर लगेच जेवण, प्रश्नोत्तरं नाहीत, हे त्यानं सेक्रेटरीच्या गळी उतरवलं. शिवाय नानांची खुर्ची त्यानं पार शेवटच्या रांगेत, दाराच्या तोंडाशी ठेवली. तिथून तर धड कानांच्या माणसालाही व्यासपीठावरचं ऐकू आलं नसतं.

मेळाव्याच्या दिवशी वारा सुटला होता. पाटीवाला पहाटेपासून शिडीवर. अक्षरं सरळ बसली होती, 'वेलूम'चा 'लू' किंचित खाली आलाय असं त्याला वाटत होतं, पण पडदा पडल्यावर तेही दिसेना. हॉलच्या दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघड्या होत्या, कारण सेक्रेटरीनं द्वारनमनात सुधारणा केली होती. साठ माणसांनी साठदा दार लावून उघडायचं म्हटलं तर रांग चौकापर्यंत गेली असती. म्हणून द्वारनमन आता प्रतीकात्मक केलं होतं. आत शिरताना दाराच्या फळीला बोटं टेकवायची, ती कपाळाला लावायची आणि पुढे व्हायचं. दार आपलं उघडंच.

पाटीवाल्याची बायको शेवटची आत आली. तिनं दाराला हात लावला, हवेत हात झटकला आणि नवऱ्याला म्हणाली, "ह्या तुमच्या रीतीत कामाचं तेवढं एकच होतं. तेही काढून टाकलंत."

नाना नव्या शर्टात आले तसे सगळे पुन्हा बाहेर जमले. पडदा सरकवला. दोरी ओढता ओढता जवळजवळ स्वतःच वर गेले, पण सरकला. पितळ उन्हात चमकलं, टाळ्या पडल्या. नाना मान वर करून बराच वेळ अक्षरांकडे बघत उभे राहिले. "चांगली बसवलीस रे," म्हणाले. "'लू' जरा खाली आलाय." पाटीवाल्याला आयुष्यात कुठल्याही पाटीबद्दल इतकं बरं वाटलं नव्हतं आणि इतकं वाईटही.

मग सगळे आत बसले. व्यासपीठावर आत्या, सेक्रेटरी आणि डॉक्टरीणबाई. बाजूला स्टँडवर घराण्याचा कागदी वंशवृक्ष, सेक्रेटरीनं स्वतः रंगवलेला, खाली मुळांच्या जागी शिलाई मशीन. भिंतीशी टेबलांवर कागदी ताटल्या, सुपाचं मोठं पातेलं. आत्यानं शेवटच्या क्षणाची गोष्ट सांगितली. नाना नेहमीसारखे उठायला निघाले, पण चहाचं टेबल आज लांब होतं, मधे रांगा. ते बूट न्याहाळत बसले. पाटीवाल्यानं दुसरीकडे तोंड फिरवलं.

डॉक्टरीणबाई भाषणाला उठल्या. पाच-सहा सुटे कागद, स्वतःच्या हातानं लिहिलेले, दातांच्या निगेबद्दल. "नमस्कार," त्या म्हणाल्या, आणि त्याच वेळी दारातून वाऱ्याचा असा झोत आला की ताटल्या पाखरांसारख्या उठल्या, रुमाल छताला गेले आणि भाषणाची पहिली दोन पानं आत्याच्या डोक्यावरून उडून गेली.

बाईंनी उरलेले कागद एका हातानं छातीशी धरले, दुसऱ्या हातानं कॉलर आवळली आणि माणूस ठेच लागल्यावर जसा आपल्या आईच्या भाषेत ओरडतो तशा ओरडल्या, "ओरमा दुशी वेलूम!"

सभागृह शहारलं. तो उच्चार! तो 'वे'! साठ माणसं उठून उभी राहिली. साठ कॉलरी मुठीत गेल्या. "ओरमा दुशी वेलूम!"

"अहो, नाही," बाई म्हणाल्या, "खरंच, ओरमा दुशी!" आणि त्यांनी बोट दाखवलं.

आत्याला हुंदका फुटला. "बाबा!" ती म्हणाली. "अगदी बाबांसारखं! बोटसुद्धा तसंच!"

"ओरमा दुशी वेलूम!" साठ जणांनी गहिवरून म्हटलं. दाराजवळ उभे होते त्यांनी उघड्या फळीला बोटं टेकवून कपाळाला लावली. वंशवृक्ष स्टँडवरून सुटला, हॉलभर एक गिरकी घेऊन सुपात बसला. पाटीवाला मधल्या रांगेत अडकून पडला होता. त्याच्या पुढे दोन काकू, मागे एक मावसा, सगळे कासवासारखे. त्याला दार लावायचं होतं, पण तिथवर पोचता येईना. आपल्या डोळ्यांसमोर ती थंडीतली खोली पुन्हा भरलीय, माणसं तीच, मूर्खपणा तोच, हे दिसत असूनही त्याला काही करता येईना.

मग धाडकन आवाज झाला आणि वारा बंद पडला. एकदोन ताटल्या छतावरून निवांत खाली आल्या.

दार लागलं होतं. दाराला पाठ लावून नाना उभे होते. त्यांना वाक्य नीट ऐकू आलंच नव्हतं. त्यांनी फक्त बोट पाहिलं होतं, आणि बोट कुठे जातंय ते पाहिलं होतं.

"दारच ना?" नाना हॉलच्या ह्या टोकाकडून त्या टोकाला ओरडून म्हणाले. "बाई, दारच म्हणत होतात ना?"

पाटीवाल्यानं डोळे मिटले.

"हो," डॉक्टरीणबाई जोरानं मान हलवून म्हणाल्या. विचारलं होतं, तेव्हा सांगणं भाग होतं. "दारच. 'दार लाव, वारा येतोय.'"

इतकी शांतता झाली की सुपात वंशवृक्ष बुडतानाचा आवाज आला. साठ कॉलरी हळूहळू मुठीतून सुटल्या. सेक्रेटरी हळूच खुर्चीत खाली सरकला. आत्या पांढरी पडली. पाटीवाला खुर्च्या ओलांडत बापाकडे निघाला.

"नाना, ऐका, मी तुम्हाला सांगणारच होतो, तुम्ही मनाला लावून…"

"मग मी लावलं होतं!" नाना म्हणाले.

"काय?"

"दार! त्या दिवशी! मी लावलं होतं रे!" नानांचा चेहरा असा दिसत होता की पाटीवाल्यानं तो तसा कधी पाहिलाच नव्हता. "मी दारापाशी होतो. शेजारची मांजर आत शिरत होती. मी दार लोटलं. आणि ह्या ताईनं," त्यांनी व्यासपीठाकडे बोट केलं, "माझ्या कानाखाली जाळ काढला! बाप जातोय आणि कार्ट्याला दार सुचतंय, म्हणाली! जन्मभर म्हणाली! तिनं गोष्ट सुरू केली की मला वाटायचं, आता सांगेल, आता सगळ्यांना सांगेल, की धाकट्यानं तेवढ्यात काय केलं. म्हणून मी आपला चहाला जायचो."

"रडायला जायचात ना?" पाटीवाला म्हणाला.

"रडायला कशाला? लाज वाटायची म्हणून!"

आत्या खुर्चीचा हात धरून उठली. तिच्या आवाजातला अध्यक्षीय ठसका कुठच्या कुठे गेला होता. "म्हणजे बाबा दार लावा म्हणत होते… आणि आम्ही सगळे…"

नाना काठी टेकत मधल्या वाटेनं तिच्याकडे गेले. जन्मभराच्या थपडेचा हिशेब करायला ह्यापेक्षा बरी वेळ आली नसती. पाटीवाल्यालाही वाटलं, बोलतील आता.

"ताई," नाना म्हणाले, "त्या खोलीत इतकी माणसं कोंबली होती, की वाऱ्याला शिरायला जागा नव्हती. बाबांना सवय होती ओरडायची, म्हणून ओरडले. आणि मी दार लावलं तसे निवांत झाले, हे तर तूच दरवर्षी सांगतेस."

"पण तू तर मांजरीसाठी लावलंस!"

"मग काय झालं? लावलं ना?"

"मग तेव्हाच सांगायचंस," आत्या म्हणाली. "उगाच मारलं मी."

"तू बोलू दिलंस कधी?"

कुणीतरी हसलं. बहुधा पाटीवाल्याची बायको. मग हसणं हॉलभर पसरलं, आणि ते ओसरतंय तोवर सेक्रेटरीचा धीर परत आला होता.

"मित्रहो!" तो म्हणाला. "केवढा गूढ अर्थ! दार लाव, वारा येतोय! बाहेरचे वारे वाहोत, पण आपल्या परंपरेचं दार…"

"जावईबापू," आत्या म्हणाली, "खाली बसा."

नाना मात्र डॉक्टरीणबाईंपुढे जाऊन उभे होते, त्यांच्या हातांकडे बघत. "बाई, एक सांगा," ते म्हणाले. "आमच्या घरात तिकडचं एवढंच वाक्य. तेही पुढे गेलंच नाही, कारण दार कुणी लावायचंच नाही. समजा, लावलं. मग घरातलं माणूस पुढे काय म्हणतं?"

डॉक्टरीणबाईंना हसू आलं. त्यांनी थोडा विचार केला. मग शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर हात ठेवून मोठ्यानं, सावकाश म्हणाल्या, "सेप्पा."

हॉलमध्ये एक थरार गेला. नवा शब्द! सगळ्यांनी झटक्यात कॉलरी धरल्या, खांदे चढवले, जे बसले होते तेही ताडकन उठले आणि छप्पर उडेल अशा आवाजात म्हणाले, "सेप्पा!" सेक्रेटरी तर पाटीवाल्याच्या कानाशी लागून विचारत होता, किती अक्षरं, पितळ शिल्लक आहे का.

नानांनी खुर्चीवरच्या हाताकडे पाहिलं, खुर्ची पुढे ओढली आणि बसले.